विवाह : रोज पाळायचा शब्द



गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन जोडपी लग्नाचा दाखला मागायला चर्चच्या कार्यालयात आली. पहिले होते एक आजी-आजोबा. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे होत होती. मुलांनी कृतज्ञतेची मिस्सा ठेवली होती आणि पत्रिकेवर नेमकी तारीख छापायची होती. तारखेवरून दोघांचा वाद चालला होता. आजी म्हणत होत्या, लग्न रविवारी झाले; आजोबा म्हणत होते, सोमवारी. मी नोंदवही काढली, मोबाइलवर त्या वर्षाचे कॅलेंडर पाहिले. आजींचे बरोबर निघाले. आजोबा हसून म्हणाले, "फादर, पन्नास वर्षं हेच चाललंय. मी बोलायचं आणि हिचं खरं निघायचं."

दुसरे जोडपे तिशीतले. लग्नाला सहा वर्षे झालेली, एक लहान मुलगी. त्यांना दाखला वकिलाकडे द्यायचा होता. मी दोघांना बसवले, चहा मागवला. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते, तिसरे माणूस नव्हते. ती एवढेच म्हणाली, "फादर, आमच्यात आता काहीच उरलं नाही." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "प्रेम नसताना एकत्र राहणं हे नाटकच ना? त्यापेक्षा वेगळं होणं जास्त प्रामाणिक नाही का?"

(दोन्ही जोडप्यांच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नोंदवहीत या दोन्ही लग्नांची नोंद सारखीच आहे. वधूवरांची नावे, आई-वडिलांची नावे, तारीख, दोन साक्षीदार, धर्मगुरूंची सही. एका नोंदीचे पुढे पन्नास वर्षांचे घर झाले, दुसरी सहा वर्षांत वकिलाच्या फाईलपर्यंत पोहोचली. त्या तरुणाचा प्रश्न प्रामाणिक होता. पाठ केलेले उत्तर देऊन त्याला घरी पाठवणे मला बरे वाटले नाही. तोच प्रश्न आज आपण सर्वांनी मिळून समजून घेऊ या.

लग्न कोण लावते?

आपण सहज म्हणतो, "अमक्या फादरांनी आमचं लग्न लावलं." खरे पाहता धर्मगुरू लग्न लावत नाही. आपल्या लॅटिन परंपरेची शिकवण अशी की वर आणि वधू हेच एकमेकांना विवाहसंस्कार देतात. वेदीसमोर उभा असलेला धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतो. १९८३ च्या धर्मविधीसंहितेतील कॅनन १०५७ स्पष्टपणे सांगतो की संमतीमुळेच विवाह होतो आणि ती संमती दुसरे कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. आई-वडील नाहीत, स्थळ आणणारे नाहीत, बिशपही नाहीत.

ही नोंदवही कशी आली, तेही ऐकण्यासारखे आहे. सोळाव्या शतकापर्यंत युरोपात दोघांनी कोणाच्याही नकळत एकमेकांना शब्द दिला, तरी ख्रिस्तसभा त्याला विवाह मानत असे. असे गुप्त विवाह करू नयेत अशी ताकीद होती, पण झाले तर ते खरेच मानले जात. त्यातून मोठा अन्याय होई. गुपचूप शब्द दिलेल्या पत्नीला सोडून पुरुष दुसरीशी उघडपणे लग्न करी, आणि पहिलीकडे साक्षीदार कोणी नसे. म्हणून १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने नियम केला की विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि त्याची नोंद ठेवावी. म्हणजे आपल्या कार्यालयातल्या कपाटात असलेली ही वही दिलेल्या शब्दाचे रक्षण करण्यासाठी जन्माला आली आहे.

आता विवाहविधी आठवा. संमती देण्याआधी धर्मगुरू वधूवरांना विचारतात, तुम्ही मोकळ्या मनाने आला आहात का? आयुष्यभर एकमेकांवर प्रेम करायला आणि एकमेकांचा मान राखायला तयार आहात का? देव देईल ती मुले स्वीकारून त्यांना श्रद्धेत वाढवाल का? यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. आज तुम्हाला एकमेकांविषयी किती प्रेम वाटते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. ते वाटत असणारच, त्याशिवाय एवढा मांडव कशाला घातला असता? विचारले जाते ते पुढचे. प्रेम *कराल* का? प्रेम वाटणे आणि प्रेम करणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्याच अंतरात बहुतेक संसार अडखळतात.

भावना ओसरली, मग शब्दाचे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताशी माझी ओळख झाली. हे गृहस्थ १९२९ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, कॅथलिक झाले. त्यांच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीवजा पुस्तकात एक साधा प्रसंग आहे. मरणाला टेकलेल्या एका ओळखीच्या माणसाला ते भेटायला गेले. त्याची अवस्था पाहून मन भरून आले आणि मी पुन्हा येईन, असे ते बोलून गेले. काही दिवसांनी पाहतात तो मनातला तो उमाळा ओसरलेला. जावेसे वाटेना. आता न जावे, तर शब्द मोडला. जावे, तर मनात नसताना गेलो, म्हणजे ढोंग केले. काय करावे?

आपल्या तरुणाचा प्रश्न अगदी हाच आहे. मार्सेल या कोड्याभोवती अनेक वर्षे विचार करत राहिले. त्यांच्या विचारातून मी जे घेतले, ते माझ्या शब्दांत सांगतो. मी शब्द दिला तो त्या माणसाला. माझ्या त्या दिवशीच्या मनःस्थितीला नव्हे. मनःस्थिती गेली, तरी तो माणूस अंथरुणावर वाट पाहत आहेच. शिवाय शब्द देणारा *मी* म्हणजे केवळ माझ्या भावनांचा येणारा-जाणारा प्रवाह नाही. त्या प्रवाहात उभे राहून 'मी येईन' म्हणू शकणारा कोणीतरी माझ्यात आहे. शब्द पाळताना मी त्या कोणाशीतरी खरा राहतो. मग ते ढोंग कसे?

पण मार्सेल इथेच थांबत नाहीत. नुसते कर्तव्य म्हणून, घड्याळाकडे पाहत आजाऱ्याच्या उशाशी बसणे, याला ते निष्ठा म्हणत नाहीत. खरी निष्ठा नवे काहीतरी घडवते, असे ते म्हणतात. म्हणून त्या तरुणाचे अर्धे बरोबर होते. एका छपराखाली राहायचे, बिले भरायची, मुलीला शाळेत सोडायचे आणि एकमेकांकडे पाहायचेही नाही, ही काही विवाहातली निष्ठा नव्हे. मात्र अशा वेळी ख्रिस्ती माणसापुढे दोनच वाटा नसतात, नाटक किंवा घटस्फोट. तिसरी वाट आहे. दिलेल्या शब्दात पुन्हा जीव ओतायचा.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. इच्छा ही आपल्या हातातली गोष्ट आहे. भावना हातात नसते, पण बहुधा ती कृतीच्या मागून येते. शेतकरी पीक वाटून घेत नाही. तो पाणी देतो.

तुम्ही म्हणाल, फादर, तुम्हाला संसारातले काय कळते? रास्त आहे. मी जे पाहिले ते आई-वडिलांच्या घरी. वडील भल्या पहाटेच्या गाडीने वाडीतली फुले दादरच्या बाजारात न्यायचे. आदल्या रात्री कितीही कडाक्याचे भांडण झालेले असो, आई त्यांच्या आधी उठून चहा टाकायची. आणि परत येताना वडिलांच्या रिकाम्या करंडीत आईच्या आवडीचे काहीतरी असायचे, बहुतेकदा कागदात गुंडाळलेली खारी. दोघांपैकी कोणी 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' असे म्हटलेले मी ऐकले नाही. लहानपणी मला वाटायचे, भांडण आपोआप मिटते. ते आपोआप मिटत नव्हते, हे फार उशिरा समजले.

काना गावात संपलेला द्राक्षारस

काना गावच्या लग्नाची हकीकत आपण प्रत्येक लग्नात आठवतो (योहान २). लग्नघरातला द्राक्षारस संपला. त्या तरुण जोडप्याच्या भाषेत सांगायचे तर, काहीच उरले नाही. पवित्र मरियेच्या ते आधी लक्षात आले. येशूने नोकरांना काय करायला सांगितले? द्राक्षारस शोधून आणा, असे नाही सांगितले. सहा दगडी रांजण होते, ते पाण्याने भरायला सांगितले. नोकरांनी ते काठोकाठ भरले. पाण्याचा द्राक्षारस करणे नोकरांच्या हातात नव्हते. पाणी ओतणे हातात होते. विवाह हा संस्कार आहे याचा अर्थ हाच, की आपण ओतलेल्या साध्या पाण्यावर काम करणारा आणखी कोणीतरी त्या घरात हजर असतो.

एरवी संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी साजरा होतो. बाळ येशूच्या संत तेरेजाचे आई-वडील, संत लुई आणि संत झेली मार्टिन, यांचा सण मात्र १२ जुलैला, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये या दांपत्याला एकत्र संतपद बहाल केले. त्याआधी २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोक्की या इटालियन दांपत्याला धन्यवादित घोषित केले. त्यांचाही सण २५ नोव्हेंबरला, त्यांच्या लग्नाच्या तारखेलाच ठेवला आहे. त्यांची पवित्रता ज्या दिवशी सुरू झाली तो दिवस लग्नाचा, असेच जणू ख्रिस्तसभा सांगते.

मार्टिन दांपत्याचा संसार सुखाचा होता असे कोणी समजू नये. १८५८ मध्ये लग्न झाले. नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. लुई घड्याळजी होते, झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवत. पत्नीचा व्यवसाय वाढला, तेव्हा १८७० मध्ये लुईंनी स्वतःचे दुकान विकले आणि ते तिच्या कामात हातभार लावू लागले. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुरुषाने हे केले, हे आपल्या घरातल्या पुरुषांनी ध्यानात घ्यावे. १८७७ मध्ये झेली कर्करोगाने वारल्या. लुईंना अखेरच्या काळात मानसिक आजाराने गाठले. असे हे पाणी भरणे.

रोजचे पाणी

आता काही साध्या गोष्टी सांगतो. पन्नाशी गाठलेल्या जोडप्यांकडून मी त्या गोळा केल्या आहेत.

१. *पंधरा मिनिटे.* विरार लोकलमधून धक्के खात साडेआठला घरी यायचे, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आणि उरलेला वेळ मोबाइल. यात एकमेकांसाठी वेळ 'मिळत' नाही, तो काढावा लागतो. रोज पंधरा मिनिटे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून एकमेकांशी बोला. बिले आणि शाळेची फी हे विषय त्यात नकोत. आज मन कसे होते, तेवढेच.

२. *तीन शब्द.* १४ फेब्रुवारी २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या चौकात लग्न ठरलेल्या जोडप्यांना तीन शब्द शिकवले होते : परवानगी विचारणे, आभार मानणे आणि क्षमा मागणे. आपल्याकडे नवरा-बायकोत 'थँक्यू' म्हणणे परके वाटते. हरकत नाही, आपल्या भाषेत म्हणा. "दमलीस का? बस, मी भात लावतो." "आज कालवण छान झालं." "मघाशी माझं चुकलं." शेवटचे वाक्य म्हणताना घशात काटा अडकतो. तरीही म्हणा.

३. *सूर्य मावळण्याआधी.* रागाला रात्रभर घरात मुक्काम करू देऊ नका, हा संत पौलाचा सल्ला आहे (इफिसकरांस ४:२६). सगळे प्रश्न त्याच रात्री सुटतील असे नाही. पण "उद्या बोलू, आता जेवून घे" एवढे तरी म्हणता येते. अबोला ही शिक्षा म्हणून वापरू नका. तो मुलांना आधी लागतो.

४. *आई-वडील आणि सासर.* आपल्याकडे लग्नात घर सोडते ती मुलगी. पण उत्पत्तीच्या पुस्तकात (२:२४) आई-वडिलांना सोडण्याची गोष्ट पुरुषाविषयी सांगितली आहे! याचा अर्थ म्हाताऱ्या आई-वडिलांना वाऱ्यावर सोडा असा नाही. चौथी आज्ञा आहेच. अर्थ असा, की लग्नानंतर पहिला सल्ला पत्नीचा घ्यावा आणि तिच्या तक्रारी आईपुढे मांडत बसू नये. सासूबाईंनाही विनंती, मुलाचा संसार त्याला करू द्या.

५. *पैसा उघडा ठेवा.* लग्नाचे कर्ज, घराचा हप्ता, माहेरी-सासरी दिलेली मदत, दोघांनाही माहीत हवी. लपवलेले कर्ज उघडकीस येते तेव्हा रकमेपेक्षा लपवणे जास्त दुखते. आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींनो, फोटो, हॉल आणि डीजे यांसाठी सहा महिने देता, तर विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिराला 'फक्त सर्टिफिकेटसाठी' येऊ नका.

६. *एकत्र प्रार्थना.* रोझरी पूर्ण झाली नाही तर एक दशक म्हणा. तेही जमले नाही तर झोपण्याआधी एकमेकांच्या कपाळावर क्रुसाची खूण करा. ज्याच्या कपाळावर रोज क्रूस काढतो, त्याच्याविषयी मनात फार काळ विष ठेवता येत नाही.

जिथे शब्द एकट्यानेच पाळला जातो

एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. सहन करत राहा, असे मी सर्वांनाच सांगत नाही. मारहाण, सततचा अपमान, मुलांना धोका असेल, तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभा देते (कॅनन ११५३). कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदाही आपल्या देशात आहे. कोणत्याही बहिणीने मार खात राहणे म्हणजे क्रूस वाहणे असे समजू नये. शब्द मोडला आहे तो मारणाऱ्याने.

काही विवाहांत सुरुवातीची संमतीच सदोष असते. जबरदस्ती झालेली असते किंवा फसवणूक झालेली असते. अशांसाठी ख्रिस्तसभेचे न्यायालय आहे आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याची पद्धत सोपी केली. मात्र ख्रिस्तसभेचा हा निर्णय सरकारी कायद्यातला घटस्फोट ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या पूर्ण कराव्या लागतात, नाहीतर पुढे अडचण येते. ज्यांची घरे मोडली आहेत ते आपल्याच धर्मग्रामाचे आहेत. त्यांच्याविषयी चर्चच्या पायऱ्यांवर कुजबुज नको. मिस्सेला त्यांच्या शेजारी जाऊन बसा.

आणि ते जोडपे?

दाखला मी त्यांना दिला. तो त्यांचा हक्क आहे. फक्त एक विनंती केली : आगमनकाळ सुरू होईपर्यंत वकिलाकडे जाऊ नका, आणि रोज पंधरा मिनिटे समोरासमोर बसा, बोलण्यासारखे काही नसले तरी बसा. त्यांनी फारशा उत्साहाने नव्हे, पण होकार दिला. पुढे काय होईल, देव जाणे. मध्यंतरी तिचा फोन आला. म्हणाली, "फादर, दोन वर्षांत काल पहिल्यांदा आम्ही भांडलो. तो म्हणाला, तू मला कधी काही सांगत नाहीस." तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होते. मला ते पन्नास वर्षांचे आजी-आजोबा आठवले, तारखेवरून भांडणारे. मी देवाचे आभार मानले.

या आठवड्यात घरी

एखाद्या संध्याकाळी पती-पत्नींनी आपल्या लग्नाचा फोटो काढून समोर ठेवावा आणि एकमेकांना हे प्रश्न विचारावेत :

• त्या दिवशी दिलेल्या शब्दातला कोणता भाग पाळणे मला आज सर्वांत कठीण जाते?
• माझ्या कोणत्या कृतीमुळे तुला जपल्यासारखे वाटते?
• गेल्या वर्षभरात मी कशाबद्दल क्षमा मागायची राहिली आहे?

उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. शेवटी दोघांनी मिळून म्हणावे :

*हे प्रभू येशू, आमच्या लग्नाच्या दिवशी तू हजर होतास. आजही या घरात हजर राहा. आमचे रांजण कधी रिकामे होतात, ते तुला ठाऊक आहे. आम्ही जे साधे पाणी भरू, त्याला तू चव दे. आमेन.*

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू